अमळनेरचे भागधारक आणि बंगळूरचे शेअर

शेअर घेणे, राखणे आणि विकणे ही तीन क्रियापदे आज मध्यमवर्गाच्या तोंडी इतकी रुळली आहेत की, त्यांच्यामागे काही इतिहास असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. त्यातून बंगळूरच्या संगणक-व्यवसायाचे शेअर म्हटले, की ही सारी कालपरवाची गोष्ट असे आपण धरून चालतो. परंतु या इतिहासाचा एक धागा बंगळूरहून निघून थेट खानदेशात, बोरी नदीकाठच्या अमळनेरास पोहोचतो. आणि तेथे तो भुईमुगाच्या तेलाशी जाऊन मिळतो.

साने गुरुजींनी जेथे शिक्षकी केली, त्याच या गावी १९४५ च्या डिसेंबरात महंमद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन केली. वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा साबण हा तिचा माल. पुढील वर्षी तिचे भाग लोकांसाठी खुले झाले, आणि पुढील काळात गावातील व्यापाऱ्यांनी व आसपासच्या शेतकऱ्यांनी ते घेतले. त्यांच्या निर्णयात गूढ असे काही नव्हते. कारखान्याचे धुराडे त्यांना दिसत होते, भुईमुगाच्या गाड्या आत जाताना आणि मालाचे डबे बाहेर पडताना ते पाहत होते. ज्या धंद्यात पैसा घातला तो डोळ्यांपुढे आहे, ही खात्री त्या काळच्या माणसाला पुरेशी होती.

ही खात्री १९६६ मध्ये प्रथम डळमळली. हाशम प्रेमजी निवर्तले आणि अमेरिकेत शिकत असलेले त्यांचे २१ वर्षांचे चिरंजीव अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट सोडून परतले. भागधारकांच्या सभेत एक गृहस्थ उभे राहिले आणि, या वयात हा कारभार तुम्हांस झेपणार नाही, तरी आपले भाग विकून अनुभवी माणसांच्या हाती कंपनी द्यावी, असा सल्ला त्यांनी भरसभेत दिला. ही हकीकत स्वतः प्रेमजींनीच पुढे अनेकदा सांगितली आहे. आज आपण त्या गृहस्थांना हसतो. पण त्यांच्या जागी बसून पाहिले, तर त्यांचे म्हणणे अवाजवी होते असे वाटत नाही. उपलब्ध माहितीवर कोणीही विवेकी मनुष्य तेच म्हणाला असता.

आता बंगळूरकडे वळू. या शहराचा विज्ञानाशी संबंध जुना. १९०९ मध्ये तेथे विज्ञानसंस्था स्थापन झाली. १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने विमानांचा कारखाना काढला. युद्धकाळात, १९४२ मध्ये, त्याचा कारभार सरकारने आपल्या हाती घेतला. पुढे १९४८ मध्ये टेलिफोनचा आणि १९५४ मध्ये इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा सरकारी कारखाना तेथे आला. यांपैकी बहुतेकांचे मालक सरकार. विद्या बंगळुरात होती, कुशल माणसे होती. मात्र सामान्य माणसाने आपल्या शिलकेतून त्या विद्येचा एखादा भाग विकत घ्यावा, अशी सोय फारशी नव्हती.

ती सोय निर्माण झाली निराळ्याच वाटेने. परकीय चलनाविषयीच्या १९७३ च्या कायद्यानुसार परदेशी कंपन्यांनी आपला वाटा कमी करावा असा आग्रह सरकारने धरला, आणि तो मान्य नसल्याने आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९७८ मध्ये देश सोडला. संगणकाच्या बाजारात जी पोकळी पडली, तीत शिरणाऱ्यांत अमळनेरची तेलकंपनीही होती. १९८२ मध्ये तिचे नाव 'विप्रो लिमिटेड' असे झाले, आणि बंगळूर हे तिचे मुख्य स्थान बनले. अमळनेरच्या भागधारकाने कोणताही नवा शेअर घेतला नव्हता. त्याच्या पेटीतील कागद जागचा हलला नव्हता. पण त्या कागदामागचा धंदा पार पालटला होता. तेलाच्या धंद्यात पैसा घातलेला माणूस, स्वतःच्या नकळत, संगणकाच्या धंद्यातील भागीदार झाला.

अशा वेळी शेअर राखावा की विकावा? धुराडे पाहून निर्णय करण्याचे दिवस सरले होते. अनेकांनी राखला, आणि वेळोवेळी मिळालेल्या बक्षीस भागांमुळे त्यांची संख्या वाढत गेली. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बक्षीस भाग म्हणजे आकाशातून पडलेले धन नव्हे. एका भाकरीचे चार तुकडे केल्याने भाकरी वाढत नाही. धंद्यातील नफा वाढला तरच त्या तुकड्यांना पूर्वीच्या भाकरीचे मोल येते. विप्रोच्या बाबतीत ते आले, आणि अमळनेरातील कित्येक घरांत त्यातून समृद्धी आली.

दुसरे उदाहरण 'इन्फोसिस'चे. १९८१ मध्ये पुण्यात सात अभियंत्यांनी ही कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ती बंगळुरास गेली. १९९३ च्या फेब्रुवारीत तिने १० रुपये दर्शनी किमतीचा शेअर ९५ रुपयांस लोकांपुढे ठेवला, तेव्हा लोकांनी पाठ फिरवली. सारे शेअर खपेनात. अखेर मॉर्गन स्टॅन्ले या परदेशी पेढीने सुमारे १३ टक्के वाटा उचलला. लोकांचा संशयही समजण्यासारखा होता. शेअरची किंमत ठरविण्यावरील सरकारी नियंत्रण आदल्याच वर्षी उठले होते, त्याच वर्षी हर्षद मेहता प्रकरणाने बाजार हादरला होता, आणि या कंपनीपाशी दाखविण्यासारखी गिरणी वा गोदाम नव्हते. तिची खरी मालमत्ता संध्याकाळी पायऱ्या उतरून घरी जात असे. त्या वेळी ९,५०० रुपयांस घेतलेले १०० शेअर ज्याने अखंड राखले, त्याच्याकडे बक्षीस भाग आणि विभाजन धरून २०१८ पर्यंत १,०२,४०० शेअर झाले.

हा आकडा ऐकून हळहळणारे पुष्कळ भेटतात; आणि १९९९ साली या हळहळीनेच मोठा अनर्थ केला. ज्यांनी १९९३ मध्ये ९५ रुपये देण्यास नकार दिला होता, त्यांतील अनेक आता नावात 'सॉफ्टवेअर' हा शब्द दिसला की मागेल ती किंमत देऊ लागले. २ रुपये दर्शनी किमतीचा विप्रोचा शेअर २००० च्या फेब्रुवारीत ९,००० रुपयांपलीकडे गेला. मग अमेरिकेतील नॅस्डॅक बाजार कोसळला. त्याचा निर्देशांक मार्च २००० मधील ५,०४८ वरून ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४ वर आला, आणि त्या लाटेत आपल्याकडील चांगल्या-वाईट साऱ्याच कंपन्या सापडल्या. चांगल्या पुढे सावरल्या. पण शिखरावर घेणाऱ्याला त्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले. कंपनी उत्तम असणे आणि तिचा शेअर त्या किमतीस घेण्याजोगा असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

यावरून 'राखणारा तोच शहाणा' असा निष्कर्ष काढणेही तितकेच धोक्याचे. मुंबईच्या कापडगिरण्यांचे शेअर एके काळी सोन्यासारखे मानले जात. अमळनेरकरांनी विप्रोचे भाग ज्या निष्ठेने जपले, त्याच निष्ठेने कित्येक घराण्यांनी गिरण्यांचे भाग जपले. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि पेटीत उरले ते कागद. दोघांचा धीर सारखाच, फळ मात्र निराळे. इतिहास जिंकलेल्यांच्या हकीकती मोठ्या आवाजात सांगतो. म्हणून हरलेल्यांचा हिशेब आपण मुद्दाम मागून घेतला पाहिजे.

आणखी एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे: राखणे वेगळे आणि विसरणे वेगळे. आजोबांचे भागपत्र माळ्यावर पडून राहते, पत्ता बदलतो, वारसांना ठाऊक नसते. सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नाही, तर आजच्या कायद्याप्रमाणे तो लाभांश आणि ते शेअरही सरकारी निधीकडे वर्ग होतात. खऱ्या वारसाला ते परत मिळवता येतात, पण त्यासाठी कागदपत्रांची खटपट करावी लागते. जो खरोखर राखतो, तो वर्षातून एकदा तरी अहवाल उघडून पाहतो की आपण ज्या धंद्यात पैसा घातला तो धंदा आज कोणता आहे, तो चालविणारे कोण आहेत, आणि आजच्या किमतीस आपण तो नव्याने घेतला असता काय.

१९६६ च्या सभेतील त्या गृहस्थांपाशी भविष्य पाहण्याची विद्या नव्हती. ती आपल्यापाशीही नाही. परंतु सभेस जाऊन, उभे राहून प्रश्न विचारण्याचे कष्ट त्यांनी घेतले. त्यांचा अंदाज चुकला. पण भागधारक म्हणून त्यांचे जे कर्तव्य होते, ते त्यांनी केले.