तीन ग्रॅम तेल

'थँक्यू' हा शब्द चिनी माणूस गमतीगमतीत आपल्या लिपीत कसा लिहितो, ठाऊक आहे? तीन अक्षरं काढतो. सान, ख, यौ. भरभर म्हटलं तर 'थँक्यू'च्या आसपास पोचतं. पण चिनी अक्षराला नुसता आवाज असून भागत नाही, अर्थही असावा लागतो. या तीन अक्षरांचा अर्थ होतो 'तीन ग्रॅम तेल'. म्हणजे समोरच्याने उपकार केले, की त्याच्या तळहातावर तीन ग्रॅम तेल ठेवायचं आणि मोकळं व्हायचं! आमच्याकडे शनिवारी मारुतीलासुद्धा माणूस याहून सढळ हाताने तेल घालतो.

एवढ्यावर भागतं तर बरं होतं. शाळकरी पोरं इंग्रजी शब्दाखाली चिनी अक्षरं लिहून उच्चार पाठ करतात, आणि त्यातून एक जुना विनोद जन्माला आला आहे. 'येस' म्हणजे 'आजोबा वारले'. 'नाइस' म्हणजे 'आजी वारली'. 'बस' म्हणजे 'बाबा वारले' आणि 'मिस' म्हणजे 'धाकटी बहीण गेली'. पहिला धडा संपेपर्यंत घरात सुतक!

आता तेलाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. डोळ्यांत तेल घालून बसणं म्हणजे अतिशय सावध असणं आणि कानात तेल घालून बसणं म्हणजे कुणी कितीही ओरडलं तरी ढिम्म न हलणं. तेल तेच, डोळ्यांत गेलं तर माणूस जागा राहतो, कानात गेलं तर निजतो. चिनी माणसाच्या इंग्रजीचा दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास वाचताना मला हे दोन वाक्प्रचार सारखे आठवत राहिले. डोळ्यांतलं तेल त्याने स्वतः घातलं. कानातलं मात्र बहुतेक वेळा दुसऱ्यांनी ओतलं.

मुळात हा डोळ्याचा माणूस. कँटनचा माणूस बोलायला लागला तर पेकिंगच्या माणसाला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. पण दोघं एकच वर्तमानपत्र वाचू शकतात. एकमेकांचं बोलणं कळत नाही म्हणून तळहातावर बोटाने अक्षर काढून दाखवणारे लोक हे! अशा माणसाला पुस्तक दिलं, की तो पुस्तकाचा फडशा पाडतो. कानाचं काम आलं, की पंचाईत.

त्यातून त्याचे शब्द सुटे सुटे, पोहे निवडून ठेवल्यासारखे. प्रत्येक अक्षराला स्वतःचा सूर. 'मा' एका सुरात म्हटलं तर आई, दुसऱ्या सुरात ताग, तिसऱ्यात घोडा आणि चौथ्यात शिवी देणं. सूर चुकला, की आईचा घोडा होतो. इंग्रजाचं उलटं. त्याचा सूर बदलला तर शब्द तोच राहतो, फक्त साहेबाचा मूड बदलतो. आणि शब्द सुटे म्हणावेत, तर साहेब ते गिळतो. 'नॉट ॲट ऑल' हे तीन शब्द पुस्तकात ऐटीत उभे असतात. तोंडातून बाहेर पडतात ते 'नॉटटॉल' असे गळ्यात गळे घालून. चिनी विद्यार्थी बिचारा 'नॉटटॉल' शब्दकोशात शोधत बसतो.

पण गंमत अशी, की इतिहासात इंग्रजी चिनी माणसाकडे पहिल्यांदा आलं ते कानानेच. १७५७ मध्ये बादशहाने पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना कँटन हे एकच बंदर उघडं ठेवलं. परक्यांना चिनी भाषा शिकवायला बंदी. १७५९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा फ्लिंट नावाचा माणूस, चिनी जाणणारा, तक्रार-अर्ज घेऊन थेट उत्तरेला गेला. फ्लिंटला मकाव इथे तीन वर्षं कैद झाली, आणि त्याला चिनीत अर्ज लिहून देणाऱ्या चिनी माणसाचं डोकं उडवण्यात आलं. आमच्याकडे कचेरीबाहेर झाडाखाली बसून अर्ज लिहून देणारे असतात; त्यांनी हा प्रसंग वाचू नये.

आता साहेबाला चिनी शिकता येत नाही म्हटल्यावर इंग्रजीचं ओझं दुकानदार, दलाल आणि आचाऱ्यांच्या डोक्यावर आलं. त्यांच्यासाठी चार-चार आण्यांच्या पोथीसारख्या पुस्तिका निघाल्या. एकीचं नाव होतं 'लाल केसवाल्यांची नेहमीची परकी बोली'. लाल केसवाले म्हणजे आपले गोरे साहेब! चिनी शब्दाखाली त्याचा इंग्रजी उच्चार, तोही चिनी अक्षरांत. 'तीन ग्रॅम तेल'चे हे पणजोबा. व्याकरण नाही, काळ नाही, एकवचन-अनेकवचनाची कटकट नाही. त्यातून जी बोली तयार झाली तिला 'पिजिन' म्हणतात. 'बिझनेस' या शब्दाचं कँटनच्या तोंडात जे झालं ते पिजिन, असं भाषापंडित मानतात.

या बोलीत आपल्या मुंबईचाही वाटा आहे बरं का. कँटनला जाणारा कापूस आणि अफू यांतला मोठा भाग मुंबईहून जायचा, आणि मालाबरोबर शब्दही जहाजावर चढायचे. आपली 'चिठ्ठी' तिकडे 'चिट' झाली. आपला 'सराफ' तिकडे नाणं पारखणारा 'श्रॉफ' झाला, आणि पुढे हाँगकाँगच्या मोटारतळांवर पैसे भरण्याच्या खिडकीवर ऐटीत जाऊन बसला. गिरगावातला एखादा गृहस्थ तिथे उतरून 'श्रॉफ' ही पाटी वाचेल, तर आत ओळखीचं कुणी बसलंय अशा समजुतीने चहाची वाट बघेल.

ही कानाची विद्या पंडितांना मात्र हलकी वाटली, आणि अफूच्या दोन लढाया हरल्यावर सरकारला जाग आली. १८६२ मध्ये पेकिंगला दुभाषे तयार करणारी 'थुंगवन क्वान' ही सरकारी शाळा निघाली. पहिले विद्यार्थी किती? दहा! एवढ्या मोठ्या साम्राज्याचं इंग्रजी दहा डोक्यांवर. तिकडे फूचौच्या आरमारी शाळेत नौकानयन इंग्रजीतून शिकवत. तिथला येन फू १८७७ मध्ये विलायतेला गेला, ग्रिनिचला शिकला, आणि १८९८ मध्ये त्याने हक्स्ले चिनीत आणला. डोळ्यांत तेल घालून वाचणाऱ्यांचा हा मेरुमणी.

आणि त्याच काळात कानाचाही एक मेरुमणी होऊन गेला. त्याचं नाव लिन शू. या गृहस्थांनी दीडशेहून अधिक परदेशी पुस्तकांची भाषांतरं केली. डिकन्स केला, 'अंकल टॉम्स केबिन' केलं. आणि यांना परदेशी भाषा किती येत होत्या? एकही नाही! भाषा जाणणारा मित्र शेजारी बसून पुस्तकातला मजकूर साध्या चिनीत सांगायचा, आणि हे ऐकता ऐकता तो अभिजात चिनीत उतरवायचे. 'भाषा येत नसताना भाषांतर' हा प्रकार आपल्याकडे नवा नाही म्हणा. पण लिन शूंची भाषांतरं लोकांनी आवडीने वाचली, हा फरक. मला या माणसाचं फार अप्रूप वाटतं. कारण त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली. पुस्तक वाचायला एक माणूस पुरतो. ऐकायला दोन लागतात, आणि दुसऱ्यावर विश्वास लागतो.

हा विश्वासच पुढे महाग झाला. १९४९ नंतर काही वर्षं रशियनची चलती होती. मग रशियाशी बिनसलं आणि इंग्रजीला पुन्हा थोडी जागा मिळाली. तेवढ्यात १९६६ उजाडलं. सांस्कृतिक क्रांती! विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षा बंद झाल्या. इंग्रजी जिथे राहिलं तिथे पहिला धडा असायचा 'लाँग लिव्ह चेअरमन माओ'. विद्यार्थ्याला अध्यक्षांना दीर्घायुष्य चिंतता यायचं, पण पेलाभर पाणी मागता यायचं नाही. आणि परदेशी रेडिओ ऐकणं? तो चक्क गुन्हा! त्याला नावही होतं, 'शत्रूचं स्टेशन चोरून ऐकणं'. तरी ऐकणारे ऐकत. गोधडीखाली रेडिओ, आवाज मुंगीच्या पावलाचा, आणि लक्ष अर्धं लंडनकडे, अर्धं शेजाऱ्याच्या भिंतीकडे. श्रवणाचा सराव याहून कडक कुठल्याही क्लासात झाला नसेल. तिथे चुकलं तर गुण जात नव्हते, माणूस जात होता.

डिसेंबर १९७७ मध्ये प्रवेशपरीक्षा पुन्हा सुरू झाली. सत्तावन्न लाख बसले, पावणेतीन लाखांच्या आसपास घेतले गेले. मग इंग्रजीला जो पूर आला तो विचारू नका. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'चे 'स्पेशल इंग्लिश' नावाचे कार्यक्रम १९५९ पासून चालू होते. सुमारे दीड हजार शब्द, छोटी वाक्यं, आणि निवेदक असा सावकाश बोलणारा, की मधल्या वेळात चहा पिऊन यावं. तेच आता लोक उघडपणे ऐकू लागले. कालचं शत्रूचं स्टेशन आजचे मास्तर झालं! १९८२ मध्ये बीबीसीची 'फॉलो मी' ही मालिका चिनी दूरदर्शनवर आली. घरोघरी सेट कुठले? ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे सगळे शेजारी जमायचे, आपल्याकडे पुढे 'रामायणा'ला जमत तसे. ती सादर करणाऱ्या कॅथी फ्लॉवर या ब्रिटिश बाईंना चीनमध्ये जी प्रसिद्धी मिळाली, ती पाहून विलायतेतल्या नट्यांनी हेवा करावा. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये 'इंग्लिश कॉर्नर' भरू लागला. अनोळखी माणसं जमायची आणि एकमेकांशी इंग्रजी बोलायची. ऐकायला दुसरा माणूस लागतो ना, तो लोकांनी बागेत शोधून काढला.

इतकं छान चाललं असताना तिसऱ्यांदा तेल ओतलं गेलं, आणि या वेळी ते परीक्षेने ओतलं. १९८७ मध्ये महाविद्यालयांत इंग्रजीची 'चौथ्या पातळीची' परीक्षा सुरू झाली. वाचन, आणि श्रवणसुद्धा! डोक्याला बिनतारी हेडफोन लावून सगळा वर्ग बसतो. कानात एक पुरुष आणि एक बाई बोलतात. बाई विचारते, संध्याकाळी सिनेमाला येतोस का? तो म्हणतो, आलो असतो गं, पण उद्या माझा पेपर आहे. मग कुठून तरी तिसरा आवाज येतो आणि तो चोंबडेपणाने विचारतो, 'हा माणूस काय करणार?' खाली चार पर्याय. विद्यार्थ्याला प्रत्येक शब्द कळलेला असतो. 'आलो असतो' यातच 'येत नाही' आहे, हे मात्र शब्दात नसतं, आवाजात असतं. 'या एकदा घरी' याचा अर्थ 'येऊ नका' असा होतो, हे पुण्याबाहेरच्या माणसाला कुठल्या पुस्तकातून कळणार?

पोरांनी मग तोडगा काढला. आवाज सुरू व्हायच्या आतच पर्याय वाचून टाकायचे आणि उत्तराचा अंदाज बांधायचा. म्हणजे श्रवणाची परीक्षासुद्धा डोळ्यांनी द्यायची! वाचनाच्या उताऱ्याचंही तेच. आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा नुसता चाळायचा. अशाने गुण मिळाले, पण इंग्रजी मुकं राहिलं. 'मुकं इंग्रजी' हा शब्द माझा नव्हे, चिनी लोकांनी स्वतःच्या इंग्रजीला दिलेला आहे. वर्षानुवर्षं पुस्तकं पचवलेला पदवीधर समोर गोरा माणूस दिसला, की भिंतीला चिकटतो. यावर उपाय म्हणून ली यांग नावाच्या मास्तरांनी 'क्रेझी इंग्लिश' काढलं. हजारो लोक मैदानात जमवायचे आणि एकसुरात बोंबलत इंग्रजी म्हणायचं. मुकेपणावर उतारा म्हणून ठीक. पण सगळेच ओरडत असताना ऐकणार कोण, हा प्रश्न राहिलाच.

तरी एक गोष्ट मला मनापासून भावते. जून महिन्यात विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा असते, तेव्हा केंद्रांच्या आसपास बांधकामं थांबवतात, मोटारींना भोंगे वाजवू देत नाहीत. कशासाठी? तर पोरांना परक्या देशातल्या दोन काल्पनिक माणसांचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून! ज्या देशात परका आवाज ऐकल्याबद्दल माणसं धरली जात होती, तिथे तो ऐकू यावा म्हणून आज रस्ते गप्प बसतात. इतिहासाने घेतलेलं हे वळण लहान नाही.

वाचन ही एकट्याची चैन आहे. दार लावून घ्या आणि वाचा. पुस्तक काही रागावत नाही, शब्द गिळत नाही, उलटा प्रश्न विचारत नाही. कान उघडला, की मात्र दुसरा माणूस आत येतो. म्हणून तर बादशहांपासून सगळे हुकमी लोक पहिली भीती कानाची धरतात.

आणि शेवटी ऐकण्याची जबाबदारी एकट्या शिकणाऱ्याची थोडीच आहे? उद्या एखादा चिनी विद्यार्थी भीत भीत तुम्हाला 'सान-ख-यौ' म्हणाला, तर हसू नका. ऐकणारा मनाचा चांगला असला, की तीन ग्रॅम तेलातूनही 'आभारी आहे' एवढं स्वच्छ ऐकू येतं.