दहा मिनिटांचा लाल उजेड

१३ जानेवारी १८८२ च्या संध्याकाळी न्यूयॉर्ककडे येणारी एक एक्सप्रेस गाडी शहराच्या उत्तर टोकाला, स्पायटन डायव्हिल इथे, वळणाजवळ अचानक थांबली. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं होतं. शेवटच्या डब्यातल्या ब्रेकमनने खाली उतरायचं, लाल कंदील घेऊन रुळांतून मागे चालत जायचं आणि मागून गाडी येत असेल तर तिला थांबवायचं. त्या दिवशीचा ब्रेकमन जॉर्ज मेलियस उतरला, पण पुरेसा लांब गेला नाही. मागून आलेली लोकल एक्सप्रेसच्या शेवटच्या डब्यांत घुसली, आणि लाकडी डब्यांनी पेट घेतला. मृतांमध्ये वेबस्टर वॅग्नर होते. श्रीमंत प्रवाशांसाठी आलिशान डबे बनवणारे कारखानदार आपल्याच कारखान्यातल्या डब्यांमध्ये चिरडून गेले.

पुढे दोष मेलियसवर आला. त्याची चूक होतीच. पण त्याच्या हातात काय दिलं होतं तेही बघायला हवं. काचेमागे मिणमिणणारी वात, जी वाऱ्यापावसात विझते आणि वळणापलीकडे दिसत नाही. शिवाय तो कंदील धरायला तिथे माणूस उभा असावा लागतो. त्याने गाडीत परत पाऊल टाकलं की इशारा संपला.

यावरचा एक उपाय इंग्लंडमध्ये आधीच निघाला होता. १८४१ च्या सुमारास एडवर्ड कूपर या इंजिनिअरने रुळाला बांधायची चपटी डबी तयार केली. आत थोडी स्फोटक दारू असते. इंजिनाचं चाक वर आलं की धडाका होतो, आणि धुक्यात काही दिसत नसलं तरी ड्रायव्हरला ऐकू येतं. आपल्या रेल्वेत याला डेटोनेटर म्हणतात, बोलताना सरळ फटाका. ब्रॉडगेजवर गाडी मध्येच अडकली आणि मागून संरक्षण द्यायची वेळ आली, तर गार्डने ६०० मीटरवर एक आणि किमान १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन फटाके लावायचे, असा नियम आहे. खडीतून, रात्री, भराभर चाललं तरी १२०० मीटरला पंधरा मिनिटं सहज लागतात. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी तेच अंतर पाऊण मिनिटाच्या आत कापते. हा हिशोब एकदा डोक्यात बसला की मेलियसकडे बघण्याची नजर जरा बदलते.

फटाका ‘थांब’ म्हणतो, पण एकदाच. तो कधी लावला, पुढची गाडी किती वेळापूर्वी गेली, हे त्याला सांगता येत नाही. अमेरिकेतल्या लांबलचक, सिग्नल नसलेल्या मार्गांवर नेमकी हीच माहिती हवी असे. तिथे जी वस्तू रुळली तिचं नाव फ्यूझी. दिसायला जाड मेणबत्तीसारखी, वर कागदाचं नळकांडं, आत लाल ज्योतीने जळणारं मिश्रण, आणि रेल्वेच्या नमुन्यात बुडाला एक टोकदार खिळा. गाडी मंदावली आणि मागून दुसरी गाठेल अशी भीती वाटली, की शेवटच्या डब्यातला फ्लॅगमन फ्यूझी पेटवून खाली टाकायचा. खिळा लाकडी स्लीपरमध्ये रुतला तर ती उभी राहून जळायची.

यातली खरी गंमत जळण्याच्या वेळेत आहे. फ्यूझी ठरावीक मिनिटंच जळते, समजा दहा. जुन्या अमेरिकन नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं असे की रुळावर किंवा जवळ लाल फ्यूझी जळत असेल, तर ती जळून संपेपर्यंत ओलांडायची नाही. म्हणजे दहा मिनिटांची फ्यूझी टाकणारी गाडी मागच्या गाडीशी किमान दहा मिनिटांचं अंतर राखून घ्यायची, आणि त्यासाठी तिथे कुणी उभं राहायची गरज नव्हती. आम्ही सॉफ्टवेअरवाले साठवलेल्या प्रत्येक माहितीला मुदत लावतो, म्हणजे शिळी माहिती आपोआप मरते. कागदाच्या नळीत भुसा आणि क्षार ठासून कुणीतरी हेच करून ठेवलं होतं, तेही रेडिओच्या आधी.

आता ही नळी सुरक्षित करायची म्हणजे काय करायचं? मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात. डब्याच्या हादऱ्यांत, उन्हात तापलेल्या पेटीत ती चुकूनही पेटता कामा नये. आणि गारठलेल्या बोटांनी, पावसात, हातमोजे न काढता एका झटक्यात पेटलीच पाहिजे. यावरची युक्ती आगपेटीतून आली. स्वीडनमध्ये गुस्ताफ एरिक पाश यांनी १८४४ मध्ये आणि पुढे लुंडस्ट्रॉम बंधूंनी सुरक्षित आगकाडी घडवली. तिचं तत्त्व एवढंच की दोन भांडकुदळ रसायनं एका डोक्यात ठेवायची नाहीत. क्लोरेट काडीवर, तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला. फ्यूझीत क्लोरेटचं बटण नळीच्या तोंडाशी असतं आणि घासायचा पृष्ठभाग टोपणावर. टोपण काढायचं, उलटं धरायचं, शरीरापासून लांब घासायचं. दोन वेगळ्या हालचाली मुद्दाम केल्याशिवाय आग नाही.

नळीच्या पोटातल्या मालाचा प्रश्न जास्त चिवट होता. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा. स्ट्रॉन्शियम नायट्रेट रंगही देतं आणि जळायला ऑक्सिजनही पुरवतं. गंधक आणि लाकडाचा भुसा हे इंधन. पण क्लोरिन सोबत असला तर लाल अधिक गडद होतो, म्हणून क्लोरिनचा क्षार हवा. पोटॅशियम क्लोरेट स्वस्त आणि तेज, पण गंधकाशी त्याची संगत वाईट. घर्षणाने, कधी नुसत्या साठवणुकीतही, ते मिश्रण भडकतं. ब्रिटनने १८९४ मध्ये शोभेच्या दारूत क्लोरेट आणि गंधक एकत्र करायला बंदी घातली ती याचमुळे. परक्लोरेटमध्ये ऑक्सिजनचा एकच अणू जास्त, पण स्वभाव पुष्कळच शांत. विसाव्या शतकात फ्यूझीत पोटॅशियम परक्लोरेट रुळलं. कारखान्यातल्या मजुराच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा होती, आणि ती कमी लेखायचा माझा अजिबात विचार नाही.

मात्र एक दोष कोणत्याही रसायनाने जाणार नव्हता.

२२ जून १९१८ रोजी पहाटे इंडियाना राज्यात हॅमंडजवळ हॅगनबेक-वॉलेस सर्कसची गाडी आस तापल्यामुळे थांबली. मागच्या डब्यांत कलाकार आणि कामगार झोपलेले. मागून सैनिकांची ने-आण करणारी रिकामी गाडी येत होती. पिवळा आणि लाल सिग्नल ओलांडून ती पुढे आली. सर्कसच्या फ्लॅगमनने फ्यूझी पेटवून हलवली आणि शेवटी पळत्या इंजिनाच्या केबिनकडे भिरकावली. ड्रायव्हर अलोन्झो सार्जंटचा डोळा लागला होता. टक्कर झाली, लाकडी डबे पेटले. मृतांचा प्रचलित आकडा ८६ आहे.

सार्जंटला गेल्या चोवीस तासांत धड झोप मिळालेली नव्हती. इथे फ्लॅगमनने सगळं बरोबर केलं आणि फ्यूझीही नीट पेटली. पण उजेड दिसायला पुढे जागा माणूस लागतो. स्पायटन डायव्हिलला मागे जाणारा माणूस कमी पडला, हॅमंडला समोरून बघणारा. फ्यूझीची सगळी साखळीच अशी आहे की तिची एक कडी तुटली तर उरते शांतता आणि काळोख. आणि रुळावरच्या काळोखाचा अर्थ ड्रायव्हर ‘वाट मोकळी’ असाच घेतो.

उलटा विचार खूप आधी झाला होता. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन इंजिनिअरने १८७२ मध्ये रुळांमधूनच क्षीण वीजप्रवाह खेळवला. रूळ मोकळा असेल तर प्रवाह रिलेपर्यंत पोचतो आणि सिग्नल हिरवा धरून ठेवतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस प्रवाहाला जवळची वाट देतात, रिले पडतो, सिग्नल लाल. बॅटरी संपली, तार तुटली, बहुतेक वेळा रूळ तुटला तरी लालच. इथे शांततेचा अर्थ ‘थांब’ आहे. माझ्या मते रेल्वे सुरक्षेच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी कल्पना आहे, आणि तिच्यापुढे फ्यूझीच्या सगळ्या सुधारणा डागडुजी ठरतात. पण ही यंत्रणा मैलोन्‌मैल बसवायला पैसे लागतात, फ्यूझीची पेटी स्वस्तात येते. म्हणून दोन्ही कितीतरी दशकं शेजारी शेजारी नांदल्या. आणि हॅमंडला लाल सिग्नलही होता, हे विसरता येत नाही. डुलकी लागलेल्या ड्रायव्हरसाठी गाडीला आपोआप ब्रेक लावणारं काहीतरी हवं होतं. आपल्याकडे ‘कवच’ बसवण्याचं काम आत्ता चालू आहे, ते याच कारणासाठी. २० ऑगस्ट १९९५ च्या पहाटे फिरोजाबादजवळ नीलगाईला धडकून थांबलेल्या कालिंदी एक्सप्रेसवर मागून पुरुषोत्तम एक्सप्रेस आदळली. तिच्या ड्रायव्हरला सिग्नल मिळालेला होता, कारण केबिनमधल्या माणसाच्या लेखी वाट मोकळी होती. साडेतीनशेहून जास्त माणसं गेली.

अमेरिकेत १९८० च्या दशकात मालगाड्यांचे शेवटचे डबे गेले, त्यांच्याबरोबर फ्लॅगमनही गेला. गाडीच्या शेपटीला लुकलुकणारा दिवा आणि ब्रेकचा दाब इंजिनाला कळवणारा खोका लागला. फ्यूझी उरली ती अडचणीपुरती, आणि हायवेवर बंद पडलेल्या ट्रकांसाठी.

तिचा हिशोब मात्र दुसरीकडे निघाला. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला सॅन होजे माहीत असतं, निम्म्या जणांचा तरी कुणी मित्र तिथे राहतो. त्याच्या दक्षिणेला मॉर्गन हिल हे गाव आहे. ऑलिन कंपनीने १९५६ पासून तिथे फ्यूझी बनवल्या, नंतर तीच जागा भाड्याने घेऊन दुसऱ्या कंपनीने १९९५ पर्यंत तेच काम केलं. कारखाना बंद झाल्यावर काही वर्षांनी भूजलात परक्लोरेट सापडलं, आणि २००३ मध्ये आसपासच्या शेकडो घरगुती विहिरी त्याने बाधित असल्याचं उघड झालं. लोकांना बाटलीबंद पाणी पुरवावं लागलं. दूषित पाण्याचा पट्टा आग्नेयेकडे कित्येक किलोमीटर पसरला होता.

परक्लोरेट शांत असतं म्हणून तर निवडलं होतं. तोच शांतपणा इथे नडला. ते पाण्यात पटकन विरघळतं, मातीला चिकटत नाही, सहजासहजी विघटित होत नाही. शरीरात गेलं की थायरॉइडला आयोडिन घेऊ देत नाही, आणि याचा सगळ्यात जास्त धोका गर्भातल्या व तान्ह्या मुलांना. कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा घातली ती लिटरमागे ६ मायक्रोग्रॅमची. त्या हिशोबाने एक ग्रॅम परक्लोरेट दीड लाख लिटरहून जास्त पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं.

आता बॅटरीवर चालणारे एलईडी दिवे मिळतात, त्यांतून ठिणगी पडत नाही की सुकं गवत पेटत नाही. पण त्यांची बॅटरी कुणीतरी तपासत राहावी लागते, आणि दिवा विझला म्हणजे दहा मिनिटं झाली, असा अर्थ त्यातून निघत नाही. फ्यूझी नीट पेटून शेवटपर्यंत जळली, तर तिच्यातलं बहुतेक परक्लोरेट साध्या क्लोराइडमध्ये बदलतं. मॉर्गन हिलच्या विहिरींत उतरलं ते न जळलेलं.