फ्रान्सिस्कन संघातील दारिद्र्यविषयक वाद

फ्रान्सिस्कन संघातील दारिद्र्यविषयक वाद हा असिसीकर संत फ्रान्सिस (मृत्यू: ३ ऑक्टोबर १२२६) यांच्या अनुयायांमध्ये त्यांच्या पश्चात उद्भवलेला दीर्घ संघर्ष होय. संघाने सामूहिक मालमत्ताही बाळगू नये, हा संस्थापकांचा आग्रह शब्दशः पाळावा की वाढत्या संघाच्या गरजेनुसार शिथिल करावा, हा त्यातील मूळ प्रश्न होता.

मृत्युपत्राचा प्रश्न

पोप तिसरे होनोरियस यांनी १२२३ मध्ये संघाच्या नियमावलीस मान्यता दिली. या नियमांवर कोणी भाष्य करू नये आणि रोमकडून विशेष पत्रे मागू नयेत, असे फ्रान्सिस यांनी मृत्युपत्रात बजावले होते. हे मृत्युपत्र बंधनकारक आहे काय, अशी शंका अनुयायांनीच पोपपुढे नेली. फ्रान्सिस यांचे जुने स्नेही असलेले पोप नववे ग्रेगरी यांनी १२३० मध्ये ते बंधनकारक नसल्याचा निर्णय दिला.

एलियास आणि लिओ

फ्रान्सिस यांच्या हयातीतच संघाचा कारभार पाहणारे एलियास १२३२ मध्ये संघप्रमुख झाले. असिसी येथील भव्य बॅसिलिकाच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. फ्रान्सिस यांचे लेखनिक व निकटचे सोबती लिओ यांना हे वैभव गुरूच्या शिकवणीशी विसंगत वाटले. बांधकामाच्या देणग्यांसाठी ठेवलेले पात्र त्यांनी फोडले व त्याबद्दल एलियास यांनी त्यांना फटके मारविले, अशी परंपरागत कथा आहे. एकाधिकारशाहीच्या तक्रारींवरून १२३९ मध्ये एलियास पदच्युत झाले. पुढे ते पोपचे शत्रू सम्राट दुसरे फ्रेडरिक यांच्या पक्षास मिळाले व धर्मबहिष्कृत झाले. १२५३ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांचा चर्चशी समेट झाला. त्यांची प्रतिमा मुख्यतः विरोधकांच्या लेखनातून घडली आहे; फ्रान्सिस यांचा त्यांच्यावर विश्वास होता, ही गोष्ट त्यात झाकोळते.

चरित्रलेखनातील संघर्ष

वाद गुरूच्या चरित्रापर्यंत पोहोचला. संघप्रमुख बोनाव्हेंतुरा यांनी नवे चरित्र लिहिल्यावर १२६६ च्या सर्वसाधारण सभेने पूर्वीची चरित्रे नष्ट करण्याचा आदेश दिला. तरीही काही हस्तलिखिते वाचली, म्हणूनच आज दुसरी बाजू कळते.

फूट

कठोर दारिद्र्याचा पुरस्कार करणाऱ्यांना ‘आध्यात्मिक’ म्हणत. पोप बाविसावे जॉन यांची आज्ञा न मानणाऱ्या अशा चौघांना १३१८ मध्ये मार्सेय येथे जाळण्यात आले. ख्रिस्त व त्यांच्या प्रेषितांकडे कोणतीही मालमत्ता नव्हती, हे मतच १३२३ मध्ये पाखंडी ठरले. पंधराव्या शतकात नियमनिष्ठ गट पुन्हा प्रबळ झाला आणि १५१७ मध्ये पोप दहावे लिओ यांनी संघाचे दोन स्वतंत्र भाग केले. फ्रान्सिस्कन धर्मबंधू गोव्यात स्थिरावले तेही याच वर्षी.