कंपाउंडरचा अनुभव कायद्याने कसा मोजला?

१/६
डॉक्टर चिठ्ठी लिहीत आणि पडद्यामागे कंपाउंडर औषध तयार करी. खलात पूड घोटणे, मिश्रण बाटलीत भरणे, मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी बाटलीला चिकटवणे, हे तो बहुधा जुन्या कंपाउंडरच्या हाताखाली शिकलेला असे. उस्ताद काटेकोर असला तर शिष्यही तसाच घडे. उस्तादाचे माप चुकत असले तर तीच चूक वारशाने मिळे.

२/६
काही प्रांतांत कंपाउंडरांसाठी वर्ग व परीक्षा होत्या. देशभर लागू होणारी मोजपट्टी मात्र नव्हती. निकृष्ट क्विनीनच्या तक्रारींनंतर १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने औषधांच्या शुद्धतेबरोबरच औषध देणाऱ्यांच्या शिक्षणाचा प्रश्नही ऐरणीवर आणला.

३/६
कायदा आला ४ मार्च १९४८ रोजी. त्यापुढे खरा पेच होता. पदविकेची अट तत्काळ लादली असती, तर वर्षानुवर्षे खल चालवणारे हात एका रात्रीत बेकायदा ठरले असते आणि दवाखाने ओस पडले असते.

४/६
म्हणून पहिल्या नोंदवहीचे दार रुंद ठेवले गेले. पदवी-पदविकाधारकांसोबत कंपाउंडरची मान्य परीक्षा उत्तीर्ण झालेले आले; आणि चिठ्ठीबरहुकूम औषधे देणाऱ्या ठिकाणी किमान पाच वर्षे औषधे बनवण्याचे काम केलेलेही आले. पाच वर्षे कोणाच्या हाताखाली, हे कलम विचारत नाही. ही तडजोड होती, पण माणुसकीची.

५/६
नव्यांसाठी १९५३ पासून शिक्षण-विनियम आले. उमेदवारी संपली नाही. ती मोजली जाऊ लागली. १९९१ च्या विनियमांत पदविकेच्या विद्यार्थ्यासाठी किमान तीन महिन्यांत ५०० तास प्रत्यक्ष काम, त्यांपैकी २५० तास चिठ्ठीनुसार औषधे देण्याचे. पाच वर्षांच्या जागी पाचशे तास: घट डोळ्यांत भरते, पण आता आधी वर्गातला अभ्यास होता.

६/६
या विनियमांतील सर्वांत शहाणे कलम क्वचितच कोणी वाचते. जिथे एकच नोंदणीकृत फार्मासिस्ट ते काम करतो, तिथे एका वेळी दोनच शिकाऊ. पुढे प्रत्येक जादा फार्मासिस्टामागे आणखी एक. प्रशिक्षणाचा करारही लेखी, विद्यार्थी आणि त्याला शिकवणारा यांच्यात.