नोंदवहीबाहेरचं माजघर

वऱ्हाडातल्या यवतमाळ जिल्ह्याला १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणत. वऱ्हाडाचा कारभार १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला आणि या प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली छापून आला. लेखक आर. व्ही. रसेल, त्यांचे साहाय्यक रायबहादूर हिरालाल. त्यात कुणबी आहेत, गोंड, कोलाम, बंजारा आहेत. वणी-दारव्ह्याच्या आठवडी बाजारात भेटणारी बहुतेक माणसं आहेत. हिजड्यांवरही टिपण आहे. ते सुरू होतं शरीरातल्या व्यंगापासून. आधी देहाची तपासणी, माणूस त्यानंतर.

तरी हिजड्यांची निदान दखल घेतली गेली, कारण ते चारचौघांत दिसत होते. बाजारात टाळी वाजली की दुकानदाराचा हात गल्ल्याकडे जाई, आणि ते साहेबालाही दिसे. माजघरात एकमेकींवर जीव लावून बसलेल्या दोघी मात्र कुठल्याच रकान्यात बसल्या नाहीत. एकीचं लग्न लागलं की ती कुणाची तरी बायको म्हणून मोजली जाई आणि तिची गोष्ट तिथेच बुजत असे.

हे माजघर उघडलं ते स्त्रीवादी संशोधकांनी, आणि त्या कामाची एक मुळी विदर्भातच आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना सोडून दिलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं. त्या संतापातून १९८० मध्ये मुंबईत बायकांचा मंच उभा राहिला. बाईच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, हा त्या चळवळीचा पहिला धडा होता. संशोधनाची पद्धतही पुढे त्यावरच उभी राहिली.

१९९५ साली मुंबईत ‘स्त्री संगम’ हा समलिंगी आणि उभयलिंगी स्त्रियांचा गट सुरू झाला. पुढे तो ‘लेबिया’ झाला. २००३ मध्ये बीना फर्नांडिस आणि गोमती एन. बी. यांनी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतर्फे अशा स्त्रियांवरच्या हिंसेचा अभ्यास मांडला. हिंसेचा माग काढत त्या थेट माहेरच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या. मारहाण, कोंडून ठेवणं, बळजबरीचं लग्न: हे सगळं आपल्याच माणसांकडून होत होतं, म्हणून पोलीस ठाण्याच्या वहीत त्याचा मागमूस नव्हता.

‘लेबिया’ने त्यापुढचं पाऊल टाकलं. जन्मतः मुलगी म्हणून नोंदल्या गेलेल्या ५० जणांच्या जीवनकहाण्या या गटाने ऐकल्या. विचारणारे त्याच बिरादरीतले. प्रश्न शरीराचे कमी. शाळेचा गणवेश, माहेर, नोकरी, रस्ता, प्रेम यांचे जास्त. अहवाल २०१३ मध्ये आला, आणि २०१५ मध्ये चयनिका शाह, राज मर्चंट, शाल्स महाजन आणि स्मृती नेवटिया यांचं पुस्तक. रसेलच्या टिपणाशेजारी हे पुस्तक ठेवलं की शंभर वर्षांत काय बदललं ते लख्ख दिसतं. इथे बोलणारी व्यक्ती स्वतःला काय म्हणते, तेच तिचं नाव.

सरकारी मोजणीही दरम्यान थोडी हलली. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांपलीकडचा ‘इतर’ हा पर्याय आला आणि महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची त्यात नोंद झाली. माजघरातल्या त्या दोघी याही आकड्यात नाहीत.

आपली गोष्ट आपण सांगण्याचं बळ काय असतं, हे यवतमाळने वेगळ्या निमित्ताने पाहिलं आहे. जानेवारी २०१९ मध्ये इथल्या ९२ व्या मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकांवर तोवर अहवालांचे ढीग रचले गेले होते. त्या दिवशी त्यांच्यातली एक स्वतः ध्वनिक्षेपकासमोर उभी होती.

याच जिल्ह्यातल्या मारेगाव किंवा झरी जामणी तालुक्यात आज ‘लेबिया’सारखी मुलाखत घ्यायची, तर पहिली अडचण बसायचं कुठे ही. संघटनांच्या ओळखीतून माणसं गाठण्याची रीत जिथे संघटना आहे तिथेच चालते. गावात परका माणूस शिरला की पारावरून प्रश्न येतोच, कोणाकडे आलात? आणि त्या प्रश्नाला बोलणाऱ्या मुलीचं नाव सांगून चालत नाही.