पन्नाशीनंतरचा वसंत

चाळिशी उलटली कीं माणसानें पोथी हातीं घ्यावी व गाणें इतरांनीं म्हटलेलें ऐकावें, असा जुना रिवाज आहे. विष्णु नारायण भातखंडे यांनीं पोथ्याहि हातीं घेतल्या आणि गाणेंहि सोडलें नाहीं. परंतु परलोकाच्या चिंतेशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता.

१० ऑगस्ट १८६० रोजीं वाळकेश्वर येथें जन्मलेल्या या गृहस्थांना संगीताची गोडी लहानपणापासूनच होती. सतार ते शिकलेले होते. १८८४ सालीं पारशी सज्जनांच्या गायन उत्तेजक मंडळींत दाखल होऊन तेथें त्यांनीं ध्रुपदें व ख्याल संग्रहीं केले. १८८७ सालीं कायद्याची पदवी मिळाली. दिवसां कोर्ट आणि संध्याकाळीं गाणें असा क्रम ठेवणारे शौकीन वकील मुंबईंत पुष्कळ होते. तेवढ्यावर त्यांचें नांव मागें उरलें नसतें. १९०० सालीं पत्नी वारली, १९०३ सालीं मुलगीहि गेली. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं घर रिकामें झालें.

पुढच्याच वर्षीं, १९०४ सालीं, हे वकील दक्षिणेच्या यात्रेस निघाले. यात्रा देवळांची नव्हती, ग्रंथांची व गायकांची होती. एट्टयपुरम् येथें सुब्बराम दीक्षितरांची भेट झाली. व्यंकटमखीच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिके’तील बहात्तर मेळांची व्यवस्था त्यांच्या मनांत याच प्रवासानें ठसली. उत्तरेच्या गाण्याला अशी कांहीं चौकट देतां येईल काय, हा प्रश्न तेव्हांपासून त्यांच्या पाठीस लागला तो कायमचा.

प्रश्न किती अवघड होता हें पाहण्यास एकटा वसंत राग पुरे आहे. उत्तरेकडील वसंतांत धैवत कोमल आणि तीव्र मध्यमाचें प्राबल्य. दक्षिणेच्या वसंतांत तीव्र मध्यम नाहीं आणि धैवतहि कोमल नाहीं. नांव एक, ऋतु एक, पण स्वर दोन तऱ्हेचे. बरें, जुन्या ग्रंथांकडे वळावें तर त्यांचें शुद्ध सप्तकच आजच्याहून निराळें. आणि उत्तरेंतच परज व वसंत यांचे स्वर जवळजवळ सारखे; भेद सारा चालींत. वसंताचा वेळ रात्रीच्या शेवटच्या प्रहराचा, पण फाल्गुन-चैत्र आला कीं तो केव्हांहि गावा, अशी परंपरेची सवलत. ही सवलत कोणीं दिली, कोणत्या आधारावर? असे प्रश्न गवयाला सुचत नाहींत, वकिलाला सुचतात. भातखंड्यांनीं ग्रंथाची साक्ष गवयाच्या साक्षीशीं ताडून पाहिली आणि जेथें मेळ बसेना तेथें प्रचलित गाण्याला झुकतें माप दिलें. त्यांचा हा निर्णय धाडसाचा होता आणि आजहि तो योग्यच वाटतो.

गवयांकडून साक्ष मिळविणें मात्र सोपें नव्हतें. घराण्याची चीज म्हणजे पोटापाण्याची इस्टेट. ती परक्या माणसाला कागदावर उतरवूं कोण देणार? कित्येकांनीं नकार दिला. तरी जयपूरचे महंमद अलीखां व त्यांचे पुत्र यांच्यासारख्यांकडून पुष्कळ चिजा मिळाल्या. रामपूरचीं दारेंहि उघडलीं.

१९०९ सालीं ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत गंथ ‘चतुर पंडित’ या नांवानें बाहेर आला. १९१० सालीं, पन्नाशीला टेकतांना, त्यांनीं वकिली सोडली आणि त्याच सालीं गुरुशिष्यांच्या संवादरूपानें मराठींत लिहिलेल्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चा पहिला भाग छापला. चौथा भाग निघाला तेव्हां १९३२ साल उजाडलें होतें. ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग निराळेच, त्यांत अठराशेंच्या आसपास चिजा स्वरलिपींत बांधलेल्या आहेत. रागाचे नियम त्या रागांतच गाऊन सांगणारीं लक्षणगीतेंहि त्यांनीं रचलीं. व्याकरण पाठ करावें तें गातांना, ही युक्ति शाळामास्तरांनीं हेवा करावा अशी आहे.

मार्च १९१६ मध्यें, वसंताच्याच दिवसांत, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालीं बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंचावन्न वर्षांचे भातखंडे तिचे सूत्रधार होते. बावीस श्रुतींवरून तेथें कडाक्याचे वाद झाले. खांसाहेब व पंडित एका मांडवांत बसले, हेंच विशेष. पुढें १९१८ त ग्वाल्हेरचें व १९२६ त लखनौचें विद्यालय उभें राहिलें. आज विद्यापीठ झालेल्या लखनौच्या त्या संस्थेची धुरा पुढें त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनीं दीर्घकाळ वाहिली.

त्यांच्या दहा थाटांवर आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहींत. कांहीं राग त्या दहांत ओढूनताणून बसविलेले आहेत. मींड व आंदोलन स्वरलिपींत पुरतें सांपडत नाहीं. निरक्षर उस्तादांविषयींचीं त्यांचीं मतेंहि कित्येकदां कठोर, क्वचित् अन्यायाचीं. पण त्या पुस्तकांपूर्वीं वसंताची एखादी बंदिश शिकूं इच्छिणाऱ्या गृहस्थाच्या मुलीला कोणत्या उस्तादाचें दार उघडलें असतें?

१९३३ सालीं पक्षाघातानें त्यांना अंथरुणास खिळविलें. १९ सप्टेंबर १९३६ रोजीं, गणेशचतुर्थीच्या दिवशीं, मुंबईंत ते निवर्तले. लखनौच्या वर्गांत पुढच्या फाल्गुनांत त्यांच्याच मालिकेंतून वसंत शिकविला जावयाचा होता.