रुंद रस्ते, लांबची घरे

1896 साली मुंबईत प्लेग शिरला आणि 1898 साली सरकारने इंप्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला. दाट वस्तीत समुद्राची हवा खेळावी म्हणून ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. हेतू वाईट नव्हता, हे कबूल केले पाहिजे. पण ज्यांची घरे पाडली, ते गरीब लोक पुष्कळसे शेजारच्याच गल्ल्यांत अधिक दाटीने शिरले. काम पायांच्या टप्प्यात होते ना! माझ्या वडिलांच्या काळीही गिरणीचा भोंगा चाळीत ऐकू येई. सभेचा निरोप तासाभरात गिरणगावभर फिरे. 1982च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि कामगारांची मुले विरार-बदलापूरकडे पांगली. तिथून कामावर यायला लोकलवाचून गत नाही. हल्ली सभा ठरवताना मी आधी शेवटच्या गाडीची वेळ पाहतो.